आधी पकड ठरवा, मग रोबो घ्या: कारखान्यात रोबो आणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रोबो बसवण्याचा निर्णय घेणारे प्लांट हेड, प्रोजेक्ट मॅनेजर आणि खरेदी विभागातील सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी ग्रिपर आणि फिक्स्चर बनवतो. रोबोच्या मनगटाला जे लागतं ते आणि मशीनच्या टेबलावर जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, ज्यात बसतो ते, अशी दोन्ही. टूलरूममध्ये उमेदवारी केली तेव्हापासून पंचवीस वर्षं हेच काम करतो आहे. या काळात तुमच्यापैकी अनेकांनी मला बोलावलं, आणि बहुतेकांनी एकाच टप्प्यावर बोलावलं. रोबो येऊन पडलेला असतो, पाया भरून झालेला असतो, कुंपण उभं असतं, ट्रायलची तारीख वर कळवून झालेली असते, आणि मग मला फोन येतो: "सगळं झालंय, आता तेवढं ग्रिपरचं बघा."

त्या "तेवढं"बद्दल हे पत्र आहे.

रोबो निवडताना तुम्ही किती कष्ट घेता ते मी जवळून पाहिलं आहे. पोहोच किती, पेलोड (उचलायचं वजन) किती, रिपीटॅबिलिटी (त्याच जागी किती नेमका परततो) किती, सर्व्हिस कोणाची चांगली, सगळ्याचे तक्ते होतात. प्रात्यक्षिकं पाहायला टीम जाते. आणि त्याच कोटेशनमध्ये खाली कुठेतरी एक ओळ असते: "ग्रिपर, जॉबनुसार, १ नग." फिक्स्चरची तर ओळही नसते, कारण "आहे तेच वापरू" असं ठरलेलं असतं. पुढे सहा महिने तुमची लाइन रडते ती याच दोन गोष्टींपायी, आणि शिव्या मात्र रोबोला बसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. जॉब कुठे धरायचा आणि कुठे टेकवायचा ते आधी ठरवा. त्यावरून ग्रिपर आणि फिक्स्चर ठरवा. मग तो ग्रिपर पेलेल असा रोबो शोधा.

रोबो म्हणजे मुळात एक रिकामा हात आहे. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जोसेफ एंगेलबर्गर यांनी ती कल्पना उद्योगात उतरवली, आणि १९६१ मध्ये युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. काम होतं डाय-कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग ओतणाऱ्या) मशीनमधून तापलेले भाग बाहेर काढायचं. पुढे त्याच जातीच्या यंत्रांनी स्पॉट वेल्डिंगच्या गन धरल्या. यंत्र जवळपास तेच, पण मनगटाला काय लावलं त्यावर त्याचं काम ठरलं. आज जगभरातल्या कारखान्यांत ४० लाखांहून जास्त रोबो कामावर आहेत आणि गोष्ट अजून तीच आहे. मनगटाच्या फ्लँजचीही, म्हणजे ग्रिपर जिथे बोल्टने लागतो त्या चकतीचीही, मापं ठरलेली आहेत. आयएसओ ९४०९-१ या मानकात ती दिली आहेत, आणि लहान रोबोंवर ५० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार एम६ बोल्ट ही रचना तुम्ही सर्रास पाहिली असेल. त्या फ्लँजच्या अलीकडचं सगळं कॅटलॉगमधून मिळतं. पलीकडे तुमचा जॉब सुरू होतो, आणि तो फक्त तुमच्याकडे आहे. त्याचं कॅटलॉग कोणाकडेच नाही.

आता एक साधं गणित मांडतो, कारण "धरायचं तर आहे, त्यात काय एवढं" हे वाक्य मी फार ऐकलं आहे.

समजा दोन किलोचा स्टीलचा जॉब आहे, नुकताच मशीनमधून निघालेला, कूलंटने आणि तेलाने ओला. ग्रिपरचे जॉ, म्हणजे जबडे, सपाट आहेत, दोन्ही बाजूंनी दाबून उचलायचं आहे. रोबो वर उचलताना १० मीटर प्रति सेकंद² त्वरणाने निघाला, तर वजन आणि झटका मिळून सुमारे ४० न्यूटन होतात. तेलकट स्टीलवर घर्षणाचा गुणांक ०.१ धरा, त्याहून जास्त धरायची माझी छाती होत नाही. दोन जॉ मिळून हा भार घर्षणावर पेलणार, म्हणजे प्रत्येक जॉने २०० न्यूटनने दाबायला हवं. त्यावर सुरक्षेसाठी दुप्पट केलं की ४०० न्यूटन. दोन किलोच्या जॉबला प्रत्येक बाजूने चाळीस किलोचा दाब! हा आकडा ऐकून खरेदी विभागातल्या एका गृहस्थांनी मला "तुम्ही ग्रिपर उगाच मोठा सांगताय" असं तोंडावर सुनावलं होतं.

तोच जॉब आता दुसऱ्या रीतीने धरू. त्याला खाली एक खांदा आहे, तिथे जॉला ओठ काढला आणि जॉब त्या ओठावर बसवला. आता वजन पेलतोय तो ओठ, घर्षण नाही. जॉने फक्त जॉब हलू नये इतकं आवळायचं. ग्रिपर निम्म्या आकाराचा चालतो, हलका होतो, स्वस्त होतो, आणि तेल असो वा नसो, जॉब निसटत नाही. फरक फक्त कुठे धरायचं याचा आहे. पण खांदा कुठे आहे, तो मशीनिंगमध्ये जाणार आहे का, त्यावर फ्लॅश (साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेली पातळ कड) असतो का, हे ठरवायला कोणीतरी जॉब हातात घेऊन टेबलाशी बसायला हवं. रोबोची ऑर्डर गेल्यावर बसून काय उपयोग?

पेलोडचंही तसंच. दहा किलोचा रोबो घेतला, जॉब दोन किलोचा, म्हणजे भरपूर जागा आहे असं वाटतं. पण मशीनवर चढवा-उतरवीला सायकल टाइम, म्हणजे एका जॉबमागे लागणारा वेळ, वाचवायचा तर दुहेरी ग्रिपर लागतो: एका बाजूने तयार जॉब काढायचा, मनगट फिरवून दुसऱ्या बाजूने कच्चा जॉब ठेवायचा. दोन ग्रिपर, मधली ब्रॅकेट, व्हॉल्व्ह, सेन्सर, नळ्या मिळून साडेचार किलो होतात. अदलाबदलीच्या क्षणी दोन्ही जॉब हातात असतात, ते चार किलो. झाले साडेआठ. कागदावर अजूनही बसतंय. पण चकच्या (मशीनमध्ये जॉब पकडणाऱ्या तोंडाच्या) आत पोहोचायचं म्हणून बोटं लांब केली की एकूण भाराचा गुरुत्वमध्य फ्लँजपासून २०० मिलिमीटरवर जातो, आणि मनगटावर १७ न्यूटन-मीटरच्या आसपास मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. रोबोच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर "१० किलो" मोठ्या अक्षरात असतं. किती अंतरावर किती किलो चालतात याचा आलेख आतल्या पानावर असतो. तो आलेख मी दर वेळी उघडतो आणि दर दोन-तीन प्रोजेक्टमागे एकदा तरी माझ्या पोटात गोळा येतो, कारण रोबो विकत घेऊन झालेला असतो. मग वेग कमी करा, त्वरण कमी करा, असं करत ज्या सायकल टाइमवर सगळा हिशेब मांडला होता तोच हातचा जातो.

आता फिक्स्चरकडे येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलाही जॉब अवकाशात सहा प्रकारे हलू शकतो: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. जिग-फिक्स्चर शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात ते ३-२-१ हेच की खाली तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक, की सहाही हालचाली बंद. दोन भोकांवरून जॉबची जागा पक्की करायची असेल तर एक पिन गोल आणि दुसरी डायमंड (दोन बाजूंनी तासलेली), म्हणजे दोन भोकांमधल्या अंतरातला फरक डायमंड पिन सामावून घेते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण माणूस जॉब चढवत असतो तेव्हा या सहा बिंदूंवर जॉब खरंच टेकला की नाही, याची खात्री तो करत असतो, नकळत, दर जॉबला. ती खात्री कुठल्याही ड्रॉइंगवर नसते.

एका कारखान्यात पंपाच्या कव्हरची लाइन होती. मशीनवर अनेक वर्षं जॉब चढवणारे एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. रोबो यायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याशेजारी अर्धा दिवस उभा राहिलो. मामा डाव्या हाताने फिक्स्चरवर एअर गन फिरवायचे. उजव्या हातातला जॉब किंचित तिरका करून आधी बाजूच्या दोन टेकूंना लावायचे, मग खाली सोडायचे, आणि क्लॅम्प मारण्याआधी तळहाताने वरून एक थाप द्यायचे. थाप देताना मान जराशी कललेली असायची. खालच्या तिन्ही टेकूंवर, म्हणजे पॅडवर, जॉब नीट बसला असेल तर आवाज भरीव यायचा, एकच ठक्. पॅडवर धातूचा कीस अडकला असेल तर आवाज किंचित फुटायचा. मग जॉब उचलून पुन्हा हवा, पुन्हा थाप.

मी विचारलं, "मामा, ही थाप कशाला?"

"बसलाय का नाही ते तोच सांगतो की."

"आणि नाही बसला असं शिफ्टला किती वेळा होतं?"

"चार-पाच वेळा. कधी जास्त. कास्टिंगचा लॉट बदलला की जास्त."

प्रोसेस शीटवर या सगळ्यासाठी लिहिलं होतं: "लोडिंग, ९ सेकंद."

मी ही गोष्ट मीटिंगमध्ये मांडली. ड्रॉइंग पास झालं होतं, पैसे ठरले होते, "ट्रायलमध्ये बघू" असं ठरलं. रोबो सुरू झाला आणि शिफ्टला चार-पाच जॉब फेसच्या (तासलेल्या सपाट पृष्ठभागाच्या) खोलीत बाद होऊ लागले, कधी जास्त. मामांनी तोंडी सांगितलेला आकडा जसाच्या तसा रिजेक्शनच्या पेटीत दिसू लागला. तीन आठवडे सगळे रोबोचा प्रोग्राम तपासत होते. पॉइंट पुन्हा शिकवले, वेग कमी केला, मशीनचा स्पिंडल तपासला. दोष होता पॅडवरच्या केसाएवढ्या किसात. रोबो प्रत्येक वेळी बरोबर त्याच जागी जॉब ठेवत होता, तो टेकला का हे विचारणारं मात्र आता कोणी उरलं नव्हतं.

शेवटी जे केलं ते आधीच करता आलं असतं. तिन्ही पॅडना मधोमध बारीक भोक पाडून त्यातून हवा सोडली. जॉब पूर्ण बसला की भोक झाकलं जातं, मागचा दाब वाढतो, स्विच सिग्नल देतो. तिन्ही सिग्नल आल्याशिवाय क्लॅम्प मारायचाच नाही. पॅडचा आकार लहान केला, आजूबाजूला उतार दिला, म्हणजे कीस थांबायला जागाच राहू नये. चढवण्याआधी कूलंटचा फवारा दिला. आणि ग्रिपरच्या मधोमध एक स्प्रिंगवरची दाबपट्टी बसवली: जॉ सुटायच्या आधी ती जॉबला खाली रेटते, क्लॅम्प लागेपर्यंत धरून ठेवते. मामांची थाप आम्ही त्या स्प्रिंगमध्ये बसवली आणि त्यांचा कान हवेच्या स्विचमध्ये. त्यानंतर ती लाइन शहाण्यासारखी चालली. पण मधले तीन आठवडे, बाद झालेला माल आणि "रोबो आपल्याला परवडत नाही" हे लोकांच्या मनात बसलेलं मत, यांची भरपाई कुठल्या हिशेबात धरायची?

फिक्स्चरबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. "आहे तेच वापरू" म्हणताना लक्षात घ्या की जुनं फिक्स्चर माणसाच्या हातासाठी बनलेलं असतं. त्यात जॉब तिरका करून सरकवायला जागा असते, रोबोच्या बोटांना बाहेर निघायला नसते. क्लॅम्प हाताने आवळताना माणूस पातळ भिंतीच्या जॉबला बेताने आवळतो. तिथे हायड्रॉलिक क्लॅम्प लावून पूर्ण दाब दिला की पातळ भिंत दबते, दबलेल्या अवस्थेत बोअर (आतलं भोक) गोल होतो, आणि क्लॅम्प सोडल्यावर भिंत मूळ जागी येते तेव्हा तोच बोअर लंबगोल होऊन बसतो. मशीन बरोबर, टूल बरोबर, प्रोग्राम बरोबर आणि जॉब बाद. असे जॉब हातात घेऊन मी लोकांना एकमेकांवर ओरडताना पाहिलं आहे.

रोबोची रिपीटॅबिलिटी ±०.०३ मिलिमीटर आहे, म्हणून जॉबही तेवढ्या अचूक जागी जाईल, हा गैरसमजही मला तुमच्या मनातून काढायचा आहे. आयएसओ ९२८३ प्रमाणे मोजलेला तो आकडा रोबो त्याच जागी किती नेमका परत येतो हे सांगतो. कास्टिंगचा कच्चा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असतो, पार्टिंग लाइनवर फ्लॅश कधी असतो, कधी नसतो. ट्रेमध्ये जॉब कसाही बसलेला असतो. रोबो नेमका येतो, पण जॉब तिथे नसतो. हा फरक कुठेतरी गिळायला हवा, आणि तो गिळायची जागा म्हणजे ग्रिपर.

पिन भोकात घालणारा माणसाचा हात कधीतरी लक्ष देऊन बघा. पिन थेट आत जात नाही. ती भोकाच्या कडेला लागते, मनगट किंचित सैल पडतं, पिन स्वतःच सरळ होते आणि मग सरकते. सत्तावीस हाडांचा तो पंजा, आणि आवळायचं कधी, सोडायचं कधी हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रेपर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला: पिन तिरकी झाली की भोकात ती अडकते का, आणि केव्हा? त्यातून रिमोट सेंटर कंप्लायन्स नावाचं एक सुरेख साधन आलं. लवचीक दांड्या किंवा रबरी थरांची अशी मांडणी, की सगळी रचना जणू पिनेच्या टोकाशीच टांगलेली आहे असं वागते. पिन बाजूला ढकलली गेली की ती न तिरकी होता सरकते, तिरकी असेल तर टोकाभोवती वळून सरळ होते. त्यात ना मोटर, ना सेन्सर, ना प्रोग्राम. पन्नास वर्षं होत आली तरी ते साधन विकत मिळतं आणि आजही असंख्य असेंब्लीचे प्रश्न सोडवतं. तरीही "ग्रिपर कडक हवा, ढिला नको" असा आग्रह मी दर वर्षी ऐकतो. धरताना कडक आणि बसवताना मऊ, असा ग्रिपर बनवता येतो. त्यासाठी कुलूप लावता येणारे फ्लोटिंग युनिट (किंचित हलू देणारे जोड) असतात. पण आधी विचारलं तरच त्यांना जागा ठेवता येते, कारण त्यांचीही जाडी असते आणि त्यांचंही वजन असतं.

पकडीचा प्रश्न हलका समजल्याने मोठमोठ्यांची काय दशा होते याचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. २०१८ मध्ये टेस्लाच्या मॉडेल ३ च्या उत्पादनात बॅटरी पॅकवर ग्लास-फायबरच्या मऊ चटया बसवायला रोबो लावले होते. मऊ, पिंजलेली, आकार न धरणारी वस्तू उचलणं रोबोला जमेना आणि लाइन तिथे तुंबत राहिली. ईलॉन मस्क यांनी स्वतः हे जाहीरपणे सांगितलं, आणि जास्तीचं ऑटोमेशन ही आपली चूक होती असंही मान्य केलं. शेवटी त्या चटया हव्यातच कशाला हे तपासलं, तेव्हा त्या काढून टाकता आल्या. मला या गोष्टीतला शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. पकडीचा विचार आधी झाला असता तर "हा भाग असाच का आहे?" हा प्रश्नही आधीच आला असता. ग्रिपर बनवणारा माणूस डिझाइनच्या टेबलाशी असला की कधी जॉबवर एक लहान बॉस, म्हणजे उंचवटा, वाढवायला सांगतो, कधी एक कडा सपाट ठेवायला. कास्टिंगमध्ये तेवढं करायला जवळजवळ काहीच लागत नाही. डाय तयार झाल्यावर मात्र ते कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये, इतकं ते महाग पडतं.

व्हॅक्यूम आणि चुंबकाबद्दल थोडक्यात. ४० मिलिमीटर व्यासाचा सक्शन कप ६० किलोपास्कल व्हॅक्यूमवर कागदोपत्री ७५ न्यूटन धरतो. सपाट पडलेला पत्रा सरळ वर उचलताना निदान दुप्पट सुरक्षा धरा, पत्रा उभा करून न्यायचा असेल तर चौपट. सच्छिद्र पुठ्ठा असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून आधी प्रत्यक्ष गळती बघा. तेलकट पत्र्याला आणि पेंट शॉपला एकच कप चालतो असं समजू नका. सिलिकॉनचा कप लावलेल्या पृष्ठभागावर पुढे रंगात खड्डे पडतात आणि कारण शोधता शोधता रंगाच्या पुरवठादाराला उगाच बोल लागतो. चुंबकाने उचलताना पत्रे जोडीने येतात, म्हणून दुहेरी पत्रा ओळखायची सोय हवीच. आणि जॉबमध्ये उरलेलं चुंबकत्व पुढच्या मशीनवर सगळा कीस अंगाला चिकटवून घेतं.

सुरक्षेवर मात्र मी थोडक्यात लिहिणार नाही, इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

एकदा ट्रायलच्या वेळी कंप्रेसर बंद पडला. ग्रिपरमध्ये जॉब होता, हात वर होता. व्हॉल्व्ह सिंगल सोलेनॉइडचा (एकाच विजेच्या कॉइलवर चालणारा) होता, आणि वीज गेली की तो ज्या बाजूला परततो ती बाजू "उघडा" अशी जोडलेली होती. हवा गेली म्हणून कोणीतरी पॅनलची वीजही बंद केली, नळीत उरलेल्या दाबाने जॉ उघडले आणि जॉब खाली आला. कुंपणाच्या आत कोणी नव्हतं, म्हणून मी आज हे एका लाइनीची गोष्ट म्हणून लिहू शकतो. त्या दिवसापासून माझा कुठलाही ग्रिपर चार गोष्टींशिवाय बाहेर जात नाही. वीज गेली तरी आहे त्याच स्थितीत राहणारा व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या अगदी जवळ दाब अडवून धरणारा चेक व्हॉल्व्ह, शक्य तिथे पकडीच्या बाजूने ढकलणारी स्प्रिंग, आणि दाब कमी झाला की रोबोला थांबवणारा प्रेशर स्विच. खर्च कमी करायचा म्हणून यादीतून यांपैकी काही काढायला सांगू नका. मी काढणार नाही.

सेन्सरचंही असंच होतं. "उघडा" आणि "बंद" एवढेच दोन सिग्नल लावले की काम भागतं असं वाटतं. पण हातात जॉब आहे आणि जॉ बंद आहेत, ही एक स्थिती. हातात काहीच नाही आणि जॉ पुढे जाऊन पूर्ण मिटले आहेत, ही दुसरी. रोबोला हे दोन वेगळे कळले नाहीत तर तो रिकाम्या हाताने जाऊन मशीनला "चढवला" म्हणून सांगतो, आणि मशीन रिकाम्या फिक्स्चरवर टूल घेऊन उतरतं. एका सेन्सरच्या पैशांत ते टाळता येतं.

कुंपण नसलेले, माणसाशेजारी काम करणारे रोबो आल्यापासून एक नवा धोका वाढला आहे. रोबो सुरक्षित आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे, असं लोक धरून चालतात. आयएसओ टीएस १५०६६ या २०१६ च्या तपशिलात हाताच्या बोटांवर दाबून धरणारं बल १४० न्यूटनच्या वर जाऊ नये असं दिलं आहे. आता वरचं गणित आठवा: आपल्या दोन किलोच्या जॉबला प्रत्येक जॉने ४०० न्यूटन हवे होते. रोबो माणसाला लागला की थांबेल, पण त्या जॉमध्ये बोट सापडलं तर? आणि रोबोच्या हातात जर कापलेल्या पत्र्याची धारदार कड असेल तर रोबोचा गोलाई दिलेला मऊ खांदा काय कामाचा? जोखमीचा विचार रोबो, ग्रिपर आणि जॉब तिन्ही मिळून करावा लागतो, आणि त्यावर सही करणाऱ्याने तिन्ही एकत्र चालताना स्वतः पाहिलेले हवेत.

खरेदी विभागातील मंडळींना एक वेगळी विनंती. ग्रिपरची बोटं झिजतात. पॅड झिजतात. कधीतरी रोबो मशीनला धडकतो आणि बोट वाकतं. तेव्हा रात्रीच्या शिफ्टला मेंटेनन्सच्या माणसाने दोन बोल्ट सोडून नवं बोट लावावं आणि पाच मिनिटांत लाइन चालू व्हावी, यासाठी आम्ही बोटांना डॉवेल पिन देतो, म्हणजे नवं बोट बरोबर जुन्याच जागी बसतं. कोटेशनमधून "डॉवेल आणि स्पेअर बोटांचा जोड" ही ओळ तुम्ही खोडता, तेव्हा थोडी बचत दिसते. आणि पहिल्या धडकेनंतर प्रोग्रामर येऊन सगळे पॉइंट पुन्हा शिकवेपर्यंत लाइन उभी राहते. मला खोडायचंच असेल तर माझा नफा खोडा, पण डॉवेल राहू द्या. हे मी मनापासून लिहितो आहे.

तर पुढच्या वेळी, रोबोची चौकशी पाठवण्याआधी, मला किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाला बोलवा. ड्रॉइंग पाठवलं तर पुरत नाही, ड्रॉइंगवरचा जॉब कोरडा, स्वच्छ आणि बर (कापताना राहिलेली धारदार कड) नसलेला असतो. तीन वेगवेगळ्या लॉटमधले दहा-बारा जॉब द्या, त्यात तुमचे सगळ्यात वाईट जॉब जरूर असू देत: जास्त फ्लॅशचे, तेल गळणारे, गेटची (साच्यात धातू शिरतो त्या तोंडाची) खूण नीट न काढलेले. ते रोज येतात त्या ट्रेमध्ये, येतात तसेच पाठवा, पुसून नको. आज तो जॉब हाताने चढवणाऱ्या माणसाला अर्धा दिवस मोकळा करा आणि त्याला सांगा की हे विचारतील त्याची उत्तरं दे, घाई करू नकोस. मशीनचं दार, चकची खोली, हवेचा दाब शिफ्टच्या शेवटी खरोखर किती उरतो, हे मला मशीनशेजारी उभं राहून मोजू द्या. आठवड्याभरात मी तुम्हाला कुठे धरायचं, कुठे टेकवायचं, किती वजन होणार आणि मोमेंट किती येणार हे एका कागदावर लिहून देईन. तो कागद हातात घेऊन मग रोबोवाल्यांना फोन लावा.

आपला,
टूलरूममधला एक ग्रिपर-फिक्स्चर डिझायनर